हिरवी हिरव्यात

लिबार्दो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा,
आणि हातगाडी त्याची.
मेदेयीनच्या चढावर तो पुढून ओढायचा, मी मागून रेटायचे,
पहाटे चारला, कचऱ्याचा ट्रक यायच्या आत.
पुठ्ठा एकीकडे, तांबं एकीकडे,
बाटल्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या.
शहर जे टाकतं त्यावर आम्ही तीन पोरं वाढवली,
दोन त्याची, एक माझं.

तो आधी रस्ता नाही विसरला.
आधी त्यानं पोतं रिकामं करायला नकार दिला.
"राहू दे," म्हणाला, "लागेल."
मग खिशात बुचं. उशीखाली बुचं.
रात्री भरून आलेली गाडी
सकाळी तशीच भरलेली निघायची.
सत्तेचाळीस वर्षांचा होता.

आमच्याकडे याला बोबेरा म्हणतात, म्हणजे खुळेपणा.
आईला झाला, तिच्या वडलांना झाला,
यारूमालच्या डोंगरात दोन मावश्यांना.
गावात कोणी म्हणायचं, झाडाला हात लावला म्हणून,
कोणी म्हणायचं, पाद्र्याचा शाप.
डॉक्टर एउनिसे तसलं काही म्हणत नाही.
तिनं कागदाच्या पाठीवर एक पेशी काढली,
बटाट्यासारखी,
आणि विचारलं, धंदा काय तुझा?
सांगितलं तर हसली. म्हणाली, मग तुला समजेल.

पेशीतही कोणीतरी तुझ्यासारखं असतं,
मोडकंतोडकं, विटलेलं गोळा करतं,
पिशवीत बांधतं, आणि ती पिशवी नेऊन रिती करतं
दुसऱ्या एका पिशवीत, जिच्यात आम्ल असतं.
तिथं सगळं विरघळतं,
सुटे तुकडे पुन्हा कामाला लागतात.
फुकट काही जात नाही.
मला वाटलं, बरा धंदा आहे.

आणि आम्लाची धार उतरली तर?
हे मला कोणी शिकवायला नको.
मी मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या घेते.
मेलेल्या बॅटरीतलं पाणी हातावर सांडलं
तर चुरचुरतं फक्त.
जिवंत असती तर कातडं सोललं असतं.
तसंच, ती म्हणाली. पिशव्या भरत राहतात, रिचत नाहीत,
फुगतात, एकमेकींना रेटतात,
पेशीच्या गाभ्याभोवती दाटतात,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं
ते अगदी फुलासारखं.

हे तिनं सांगायला नको होतं.
आमचं शहर फुलांचं.
ऑगस्टात सांता एलेनाची माणसं
पाठीवर फुलांचे डोंगर घेऊन उतरतात
आणि लिबार्दो अजून टाळ्या वाजवतो.

"मग यानंच होतं हे?"
"कदाचित. यानंही.
आधी पिशव्या तुंबतात की आधी बाहेर गाळ साचतो,
आमच्यात भांडण चालू आहे."
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला
माहीत नाही असं तोंडावर सांगितलं.
मी सही केली. तो गेल्यावर त्याचा मेंदू त्यांचा.
आईचा तिथंच आहे, शीतपेटीत, नंबर घातलेला.
अजून कामाचा आहे, म्हणाली. त्या रात्री झोप लागली.

माझ्या रक्ताचा निकालही त्यांच्याकडेच असेल कुठल्यातरी कपाटात.
मी मागितला नाही.

आज तो उंबऱ्यावर बसलाय.
मी प्लास्टिकच्या बाटल्या देते, तो बूच काढतो,
टाचेनं चेपतो. हातांना अजून येतं.
मग एक काचेची त्यानं उन्हात धरली, डोळा लावला.
"ही कुठं जाते, रुबिएला?"
आज नाव आठवलं त्याला.
मी तोंड उघडलं
आणि क्षणभर
खालच्या गल्लीत रेडिओ, कोणाचं तरी कुत्रं,
माझा हात पुढे, त्याच्या हातात बाटली

"हिरवी," मी म्हणाले. "हिरव्यात."

त्यानं ती खिशात घालून पाहिली.
मावली नाही.